पाचखडीची आवाजी ग्रामसभा

पाचखडीतली हवा एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास संपली. तशी ती चार-पाच वर्षांपासून कमी होतच आली होती. आधी वावटळी उठायच्या बंद झाल्या, मग देवळावरचं निशाण काठीला चिकटलं ते चिकटलंच, मग चुली धरेनात. जाणत्या लोकांनी दोनदा अर्जही केले होते. पण हवा नेमकी कोणत्या खात्याकडे येते हे ठरेना, आणि अर्ज चार टेबलं फिरून परत आले. त्या मंगळवारी शाळेत पाढे चालू होते. सतराच्या पाढ्यात पोरांची तोंडं हलत राहिली आणि आवाज यायचा थांबला. बाईंनी घड्याळात पाहून वेळ लिहून ठेवली, म्हणून ती इतकी नेमकी सांगता येते.

हणमंत शेडगे त्या दिवशी दुधाची कॅन घेऊन तालुक्याला गेला होता. त्याची पिकअप विजेवर चालणारी होती. दोन वर्षांपूर्वी त्यानं ती घेतली तेव्हा गावानं त्याची यथेच्छ टिंगल केली होती. जी गाडी आल्याचं कळत नाही आणि गेल्याचंही कळत नाही ती गाडी कसली, असं लोक म्हणत. दुपारी तो परतला तर सगळं गाव आपापल्या ओट्यावर तोंड मिटून बसलेलं. सकाळी छातीत भरून घेतलेल्या श्वासावर प्रत्येकानं तेवढा वेळ काढला होता. त्याची बायको छबू उंबऱ्यात बसली होती आणि तिचे ओठ जांभळे पडले होते.

हणमंतला फार विचार करायची सवय नव्हती. त्यानं पुढच्या डाव्या टायरच्या वॉल्व्हची टोपी काढली, छबूला ओढत तिथं आणलं आणि तिचं तोंड वॉल्व्हशी धरून खिळ्यानं तो दाबला. मग शेजारीण आली, तिच्या मागून तिची सासू आली, आणि पाहता पाहता चारही टायरांपाशी रांगा लागल्या. पाचखडीचा हवापुरवठा सुरू झाला तो असा.

गाव सोडून कोणी गेलं नाही. गाव सोडलं की माणूस टंचाईग्रस्त राहत नाही, त्याचं नाव यादीतून कमी होतं. आणि गेलेलं नाव पुन्हा चढवायला किती चपला झिजवाव्या लागतात ते पाचखडीला पाणीटंचाईच्या दिवसांपासून पाठ होतं. पोरांची नावं यादीत धरत नसल्यामुळे त्यांना पाहुण्यांकडे पाठवलं. गुरं छावणीला गेली. उरलेली माणसं बसून राहायला शिकली. बसल्या माणसाला हवा कमी लागते, उभ्याला दुप्पट लागते आणि चालत्याला चौपट. बोलणं तर बंदच झालं. घरोघरी पाट्या आल्या, आणि नवरा-बायकोची भांडणंसुद्धा पाटीवर होऊ लागल्यामुळे ती लवकर मिटू लागली.

हणमंतच्या पिकअपशिवाय दुसरं वाहन गावात येऊच शकत नव्हतं, कारण डिझेलला जळायलाही हवाच लागते. तहसील कार्यालयातले एक कारकून पाहणीसाठी जीप घेऊन निघाले, ती गावापासून नऊ किलोमीटर अलीकडे, डांबर संपून दगडांची वाट लागते त्याच्या जरा पुढं बंद पडली. ढकलत मागं नेली तेव्हा पुन्हा सुरू झाली. त्यांनी अहवालात लिहिलं, 'वाहनातील बिघाडामुळे स्थळपाहणी होऊ शकली नाही, सबब हवा नसल्याची खात्री करता आली नाही.' त्यामुळे कागदोपत्री पाचखडीत हवा होती. सिलिंडरमधून हवा न्यायला परवाना लागत होता आणि परवान्याच्या अर्जाला पाहणी अहवाल जोडायचा होता. टायरमधली हवा मात्र वाहनाचाच भाग धरली जाते, तिला कोणी हरकत घेतली नाही.

जाऊन-येऊन एकशे तीस किलोमीटरची फेरी होती. हमरस्त्यावर एका हॉटेलच्या आवारात पिकअप चार्जिंगला लावायची, आणि तोवर शेजारी शब्बीर मुलाणीच्या दुकानात टायर दाखवायचे, असा हणमंतचा क्रम ठरून गेला. शब्बीर टायरच्या बाबतीत फार गंभीर माणूस होता. बॅटरीमुळे ही पिकअप साध्या पिकअपपेक्षा जड, त्यामुळे टायर लवकर खाते, असं त्याचं निदान होतं. तो खाचांत अडकलेले खडे स्क्रूड्रायव्हरनं एकेक करून काढायचा, टायरच्या बाजूवरून तळहात फिरवून चिरा शोधायचा, आणि दर पाचव्या फेरीला पुढचे टायर मागं आणि मागचे पुढं करायचा. दगडावर टायर कडक असला की फाटतो आणि मऊ असला की दगडावर दबून बसतो, म्हणून डांबर संपलं की हवा कमी करायची, हे त्यानंच हणमंतला शिकवलं.

"चाळीस भरून देतो," तो म्हणाला. "वाट लागली की पंचवीसवर आणा. आन काय बी झालं तरी अठराच्या खाली जायचं न्हाई, शेडगे. अठराच्या खाली टायर रिम सोडतंय. मग त्ये टायर ऱ्हात न्हाई, नुसतं रबार ऱ्हातंय."

घोडं अडत होतं ते इथंच. गावाला हवी होती टायरमधली हवा, आणि टायर शाबूत गावात पोचवायचे तर ती वाटेतच सोडून द्यावी लागत होती. हणमंत डांबराच्या शेवटाला उतरायचा, चारही टायरांपाशी गुडघे टेकून काटा लावायचा आणि पंचवीसवर आणायचा. पण पुढं जावं तशी बाहेरची हवा विरळ होत जायची, आणि बाहेरून दाबणारं काही नसल्यामुळे टायर आपोआप फुगून पुन्हा कडक व्हायचे. तीन किलोमीटरवर पुन्हा थांबायचं, पुन्हा सोडायची. सहाव्यावर पुन्हा. सुटलेल्या हवेनं क्षणभर तिथलं वाळलेलं गवत हलायचं. त्या माळावर कोणी राहत नव्हतं, आणि गावातली माणसं घोटाघोटासाठी बसलेली असताना आपण गवताला हवा घालतो आहोत, या विचारानं हणमंतला दर फेरीला रडू येई. तो तिथं रडत नसे, कारण रडायला हवा जास्त लागते. गाडीच्या काचा बंद असत, आणि आतली हवा जाता-येता एका माणसाला जेमतेम पुरेल एवढी होती. गावात दार एकदा उघडलं तरी तिच्यातली निम्मी निघून जाई. म्हणून छबूला आत घेऊन दोन शब्द बोलावेत, हे त्याला कधी जमलं नव्हतं.

गावात ग्रामसेवक वनमोरे भाऊसाहेब वाटप करत. प्रत्येक माणसाला सायकलची एक ट्यूब दिली होती, तिच्यावर पांढऱ्या रंगानं घर क्रमांक टाकला होता, आणि ती ज्याच्या त्याच्या गळ्यात असे. टायरला नळी लावून भाऊसाहेब ट्यूब भरत, काटा अठरावर आला की हात वर करत, आणि ज्यांचा नंबर लागला नसेल ते उद्याच्या यादीत पहिले जात. सगळं अगदी रीतसर चाले. मे महिन्यात अठरा माणसं बसल्या जागी गेली, त्यांची नावंही भाऊसाहेबांनी रीतसर कमी केली.

छबूला मुळातच दम कमी होता. हणमंत तिच्या पाटीवर रोज एकच गोष्ट लिहायचा: शब्बीरच्या दुकानामागं एक खोली रिकामी आहे, तिथं जाऊन राहा. ती रोज खाली लिहायची, 'घर बंद दिसलं तर नंबर जातोय.' हणमंतचं स्वतःचं नाव वाहक म्हणून वेगळ्या यादीत गेलं होतं, तो आता पाचखडीचा रहिवासी धरला जात नव्हता. तेव्हा शेडग्यांचं घर छबूच्या नावावर टिकून होतं, आणि टँकर मंजूर होईपर्यंत आपण उंबरा सोडणार नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. तिला मनवता मनवता हणमंतनं हात टेकले. टँकर लवकर यावा, एवढंच त्याच्या हातात उरलं.

टँकर म्हणजे हवेचा टँकर. तो द्यायची तयारी तालुक्यानं दाखवली होती. फक्त ग्रामसभेचा ठराव पाहिजे होता. पाचखडीनं मे महिन्यातच ठराव केला होता. सगळ्यांनी हात वर केले आणि भाऊसाहेबांनी ते मोजून लिहिले. तो कागद जूनमध्ये परत आला. त्यावर शेरा होता: 'ठराव आवाजी मतदानाने झाल्याचा उल्लेख नाही. पूर्तता करून फेरसादर करावा.' हणमंत स्वतः तो कागद घेऊन तहसीलच्या खिडकीशी उभा राहिला. गावात हवा नाही, आणि हवेशिवाय आवाज निघत नाही, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. खिडकीतल्या बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. त्या वाईट नव्हत्या.

"तुमचं खरं असेल," त्या म्हणाल्या. "पण आवाज निघत नाही हेही तुम्हाला ग्रामसभेत आवाजी मतदानानंच मंजूर करून घ्यावं लागेल."

सभा डांबरावर जाऊन घेतली तर चालेल का, हेही त्यानं विचारलं. ग्रामसभा गावाच्या हद्दीतच व्हावी लागते, आणि शंभर माणसं तरी हजर लागतात.

मग पाचखडीनं हवा साठवायला घेतली. शाळेची मोठी खोली रिकामी केली, खिडक्या आणि छपराच्या फटी चिखलानं लिंपल्या, दाराला गोधड्यांचे दोन पडदे लावले, आणि भिंतीत एक भोक ठेवून त्यातून नळी आत सोडली. शंभरावर माणसांना तासभर बोलता येईल एवढ्या हवेला अकरा फेऱ्या लागतील, असा भाऊसाहेबांचा हिशेब होता. अकरा फेऱ्या होईपर्यंत प्रत्येकानं अर्ध्या ट्यूबवर भागवायचं ठरलं. छबू पाव ट्यूबच घेते, हे हणमंतला आठव्या फेरीला कळलं. उरलेली ती शाळेच्या नळीला लावून यायची. त्यानं पाटीवर मोठ्या अक्षरात रागानं काहीतरी लिहिलं. तिनं ते पुसून खाली लिहिलं, 'आता तीनच ऱ्हायल्या.' तिची अक्षरं पहिल्यासारखी सरळ येत नव्हती.

अकरावी फेरी जूनच्या शेवटच्या सोमवारी झाली. हणमंतनं आपल्या चारही टायरांतली हवा अठरापर्यंत नळीत सोडली, काटा दोनदा पाहिला, आणि तो गोधड्यांचे पडदे सारून आत गेला. आत एकशे नऊ माणसं बसली होती आणि सगळी एकदम बोलत होती. अडीच महिन्यांनी एकमेकांचे आवाज ऐकून म्हातारी माणसं हसत होती, खोकत होती, एकमेकांना नावानं हाका मारत होती. छबू बायकांच्या घोळक्यात भिंतीला टेकून बसली होती. तिला पाहून हणमंतला फार बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं पुढं त्याला महागात पडलं.

सरपंच रंगराव काटकर उठले. दीपप्रज्वलनानं सुरुवात करू या, ते म्हणाले. समई पुढं आली. ज्योत हवा खाते हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि मागून कोणीतरी तसं बोललंही. पण एप्रिलपासून गावात दिवा लागला नव्हता, आणि दिव्याशिवाय सभा सुरू करणं कोणाच्याच मनाला पटेना. समई लागली. पाच वाती पेटल्या, तशा बायकांनी हात जोडले.

"ठरावाआधी एक छोटासा कार्यक्रम हाय," सरपंच म्हणाले. "ज्यांच्यामुळं आज आपुन हितं बसलोय, त्यांचा सत्कार."

शाल आणि नारळ त्यांनी आधीच आणून ठेवले होते. हणमंतला पुढं बोलावलं. पाचखडीत सत्कार हा कधीही आटोपशीर होत नाही. सरपंच बोलले, उपसरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले. या गाडीला आपणही हसलो होतो, याची जाहीर कबुली देऊन त्यांनी डोळे पुसले. मग निवृत्त गुरुजी उभे राहिले आणि हणमंत दुसरीत कसा होता इथपासून त्यांनी सुरुवात केली.

समईच्या वाती लहान होत चालल्या होत्या. हणमंतला ते दिसत होतं. तो त्या खोलीतला एकच माणूस असा होता की ज्यानं 'पुरे' म्हटलं असतं तर सगळे थांबले असते. पण समोर छबू बसली होती. लग्न होऊन बावीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत तिच्या देखत गाव त्याच्याविषयी कधी चांगलं बोललं नव्हतं. ती कान देऊन ऐकत होती, शेजारणीला कोपरानं ढोसत होती. आणखी एक मिनिट ऐकू दे तिला, असं तो दर मिनिटाला मनात म्हणत राहिला. माणूस किती क्षुल्लक गोष्टीसाठी स्वतःचं वाटोळं करून घेतो, हे त्याला तिथं उभ्या-उभ्याच कळत होतं, आणि तरी त्याच्यानं तोंड उघडवलं नाही.

गुरुजी हणमंतच्या चौथीच्या स्कॉलरशिपपर्यंत आले आणि वाती विझल्या. पुढं थोडा वेळ गुरुजींचे ओठ नुसते हलत राहिले. मग तेही खाली बसले.

भाऊसाहेबांनी पाटी वर धरली: 'विषय क्र. १ घेणे बाकी आहे. चार मिनिटे पुरतील.'

सगळ्यांनी हणमंतकडे पाहिलं. खांद्यावरची शाल सावरत त्यानं पाटीवर लिहिलं, 'टायर अठरावर आहेत. सोडली तर गाडी परत जाणार नाही.'

सरपंचांनी पाटी घेतली, थोडा विचार केला, आणि खाली लिहिलं, 'ठराव झाला की टँकरच येणार. मग परत कशाला जायचं?'

ते सगळ्यांना पटलं. पाटी हातोहात फिरली आणि माणसांनी माना डोलावल्या. ठराव झाल्यावर तो तालुक्याला नेणार कोण, हा प्रश्न हणमंतच्या मनात स्पष्ट उभा होता. तो लिहायला म्हणून त्यानं पेन्सिल हातात घेतलीही. पण छबूचे ओठ काळे पडू लागले होते. तिनं आपली ट्यूब सकाळीच नळीला लावली होती आणि तिच्यात आता काही नव्हतं. चार मिनिटांची हवा खोलीत आली तर त्या चार मिनिटांत छबूही श्वास घेईल, एवढं एकच त्याला दिसलं. तो पेन्सिल ठेवून बाहेर गेला.

त्यानं पुढचा डावा टायर आधी घेतला. काटा पंधरावर आला, बारावर आला, दहावर टायरनं रिम सोडली. टायर चाकाखाली घडी पडून बसला आणि गाडी त्या बाजूला कलली. मग उजवा. मग मागचे दोन. शब्बीरनं अडीच महिने जपलेल्या त्या टायरांवर एकही चीर नव्हती. शेवटी पिकअप चारही रिमांवर सरळ उभी राहिली. हणमंत आत परतला तेव्हा भाऊसाहेब ठराव वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मंजूर?"

"मंजूर," एकशे नऊ माणसं म्हणाली. त्यात छबूचा आवाज हणमंतला वेगळा ऐकू आला. बारीक होता, पण तिचाच होता. भाऊसाहेबांनी 'आवाजी मतदानाने, एकमताने' असं लिहिलं आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. सरपंच आभार मानायला उठले, पण त्यांना हवा मिळाली नाही.

लोक एकमेकांना धरून हळूहळू आपापल्या ओट्यांवर जाऊन बसले. भाऊसाहेबांनी ठरावाची प्रत सहीशिक्क्यानिशी हणमंतच्या हातात दिली आणि पाटी दाखवली: 'उद्या पाचच्या आत आवक शाखेत पोचली पाहिजे.' हणमंतनं कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि मान हलवली. मग तो छबूला घेऊन पिकअपपाशी आला. आता परत जायचं नव्हतं, तेव्हा आतली हवा वाचवण्याचंही काही कारण उरलं नव्हतं. दार उघडून त्यानं तिला झटकन आत बसवलं, स्वतः दुसऱ्या बाजूनं चढला, आणि काचा घट्ट आहेत का ते पाहिलं. समोरच्या पडद्यावर बॅटरीत अजून एकशे अठरा किलोमीटर शिल्लक दिसत होते.

छबूनं तीन-चार मोठे श्वास घेतले. तिच्या ओठांचा काळेपणा कमी झाला.

"चांगलं बोललं की तुमच्याविषयी," ती म्हणाली. "गुरुजी तर किती बोललं. स्कॉलरशिपचं तुम्ही मला कधी सांगितलं न्हाई."

हणमंत नुसता हसला. शाळेच्या खोलीत ठराव वाचला जात असतानाच त्यानं छाती भरून श्वास घेतला होता, तो तसाच आत धरून ठेवला होता. ती बोलत राहिली. चेअरमन खरंच रडला का, तिनं विचारलं. शाल बरी आहे, थंडीत उपयोगी पडेल, म्हणाली. टँकर आला की आधी घर झाडून काढायला पाहिजे, अडीच महिन्यांत धूळ जिथल्या तिथं बसून राहिली आहे, म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं.

"तुम्ही का बोलत न्हाई?"

हणमंतनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि मानेनंच समोरची दगडांची वाट दाखवली. अवघड वाटेवर गाडी चालवताना तो तसाही बोलत नसे. गाडी जागची हलली नव्हती, तरी छबूला ते पटलं. तिनं खुणेनंच 'बरं बरं' म्हटलं, सीटवर मागं टेकून बसली, आणि पुढचं सांगू लागली.